आतल्या खोलीचे टाइम ऑफिस

सुनेच्या कंपनीने तिला एक प्रश्न विचारला होता. घरून काम करणार, की अंधेरीच्या ऑफिसात येऊन? उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचे होते आणि एकदा दिलेले उत्तर बदलता येणार नव्हते. येणाऱ्यांपुरत्या खुर्च्या ठेवाव्यात आणि उरलेली जागा सोडून द्यावी, असा कंपनीचा विचार होता. आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. माझ्या पत्नीला ठाऊक होते, मुलाला ठाऊक होते, मला तर होतेच. घरून. जिला प्रश्न विचारला होता ती मात्र "बघते" म्हणाली.

या शब्दाशी माझा जुना परिचय आहे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळले. टाइम ऑफिस म्हणजे फाटकालगतची खोली. कोण आला, कोण उशिरा आला आणि उशिराचे कोणते कारण घेऊन आला, हे तेथे पाहिले जाते. "उद्या वेळेवर येशील ना?" असे विचारल्यावर जो "येतो" म्हणे, तो बहुधा येई. जो "बघतो" म्हणे, त्याच्या मनात काही निराळे असे. सुनेच्या "बघते"चा अर्थ मी या अनुभवाशी ताडून पाहिला नाही. घरातल्या माणसाला आपण कामगारापेक्षा सरळ समजतो.

आम्ही दिंडोशीला राहतो. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. बाहेर आम्ही दोघे, आत मुलगा आणि सून. मुलगा विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या विभागात आहे; विमान घरी आणता येत नसल्यामुळे तो रोज जातो. सून विम्याचे दावे तपासते. टाळेबंदीत तिचे ऑफिस आतल्या खोलीत आले. टाळेबंदी उठली; ऑफिस उठले नाही.

प्रारंभी मी त्याला ऑफिस मानत नव्हतो. माणूस फाटकातून आत गेला की काम सुरू होते आणि बाहेर पडला की संपते, अशी माझी धारणा. येथे फाटकच नव्हते. पलंगावरून उठून खुर्चीवर बसणे याला हजेरी कसे म्हणावे? वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली फुलाफुलांची विजार हा वेशही मला नवा होता. प्रत्येक सभेचा आरंभ एकाच वाक्याने होई: "माझा आवाज येतोय का?" त्यावर कोणीतरी सांगे, की येत नाही. ज्याला आवाज येत नाही त्याला प्रश्न कसा कळला, असे मी एकदा विचारले.

"बाबा, ओठ हलताना दिसतात ना," सून म्हणाली.

पत्नीचा आक्षेप वेगळा होता. ती मालवणीत बोलते, मी टाइम ऑफिसच्या मराठीत; लग्नापासून हा व्यवहार दुभाष्यावाचून चालला आहे. "दिसभर त्या मशिनीकडे बघून हसता," ती म्हणे. "माझ्याकडे बघून कधी हसना नाय."

हे सर्व मी दुरून पाहत होतो. हात घालण्याची वेळ मासळीमुळे आली.

आमच्याकडे मढची एक कोळीण येते. तिचा आवाज होडीतून किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी घडलेला आहे. आमच्या जिन्यात तो मावत नाही. एका बुधवारी ती आली तेव्हा पत्नी खाली गेली होती आणि मी अंघोळीला. दार उघडे होते. सून आत सभेत होती. कोळणीने टोपली उंबऱ्याशी उतरवली आणि आतल्या खोलीच्या दिशेने विचारले,

"सुनबाय, सुरमई कापू का अख्खी देऊ?"

"कापा," सून म्हणाली. आवाज बंद करायला ती विसरली होती.

प्रश्न आणि उत्तर साऱ्या सभेने ऐकले. तिचे साहेब बंगाली. ते कोलकात्याहून बोलत होते. दाव्यांचा निपटारा का रखडला, हे ते बराच वेळ समजावून सांगत होते. ते थांबले आणि त्यांनी विचारले, हा मासा समुद्रातला की नदीतला? पुढची सभा माशावर झाली. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, तेव्हा केरळचा कोणी मनुष्य नारळाच्या दुधाविषयी बोलत होता आणि साहेब त्याला मोहरीच्या तेलाचे महत्त्व पटवून देत होते.

सून हसत होती. साहेब हसत होते. कोळीण तुकडे करता करता हसत होती. मला हसू आले नाही. ऑफिसच्या वेळेत मासळी! कारखान्याच्या फाटकाशी भेळवाला जरा जास्त रेंगाळला, तरी मी त्याला हलवत असे. ऑफिस घरात राहणार असेल, तर घराला टाइम ऑफिस हवे, असे मी ठरवले. एक स्टूल आणून आतल्या खोलीच्या दाराशी ठेवले आणि त्यावर बसलो.

पहिला नियम कोळणीला लागू झाला. मी तिला हळू बोलायला सांगितले.

"हळू म्हंजे कसा?"

"कुजबुजल्यासारखे."

तिने टोपलीवरचे प्लास्टिक पुन्हा ओढून घेतले. "आजोबा, कुजबुजून इकलेली मासळी कोन घेल? लोक बोलतील, नासकी हाय म्हणून लपवते."

युक्तिवाद बिनतोड होता. मी तो मानला नाही. तेव्हापासून ती दाराची कडी हळूच वाजवू लागली आणि नुसते ओठ हलवून माशाचे नाव सांगू लागली. ओठांवरून बांगडा आणि बोंबील यांतला फरक मला कळत नाही. त्यामुळे काही दिवस आमच्याकडे अनपेक्षित मासळी शिजली.

मग इतर नियम आले. शेजारणीने वाटी घेऊन यायचे ते सहानंतर. नातलगांनी आधी फोन करायचा. कुकर लावायचा तो सभा नसताना.

"कुकराक पण सांगा," पत्नी म्हणाली, "तोंड धरून शिट्टी मार म्हणान."

पत्नीलाही आत जाण्यापूर्वी काम सांगावे लागे. ती एकदा कपाटातली साडी आणायला आली. मी विचारले, "कोणती?"

"ह्यां पासपोर्ट ऑफिस काय?" ती म्हणाली आणि साडीवाचून परत गेली. नंतर दोन दिवस माझ्याशी फक्त आवश्यक तेवढेच बोलली. तो काळ शांततेचा गेला.

सुनेला उठावे लागू नये, म्हणून चहा आत जाऊ लागला. मी स्वतः नेत असे. पुढे जेवणाचे ताटही आत जाऊ लागले. पूर्वी ती दुपारी स्वयंपाकघरात येऊन सासूबरोबर जेवत असे. त्यात गप्पा होत आणि वेळ मोडे. "बाबा, राहू दे, मी येते बाहेर," ती म्हणे. मी म्हणे, "तू बस. काम कर." ती बसे. सहा वाजता मी दारावर टकटक करून "ड्युटी सुटली" असे सांगत असे. ही एक गोष्ट मात्र जमली नाही. "हो बाबा, एवढं एकच," असे उत्तर येई आणि ते एक संपतच नसे. कारखान्यात भोंगा झाला की यंत्र थांबत असे. या यंत्राला भोंगा नव्हता. ती कपड्यांच्या घड्या घालतानाही एका हाताने दावे मंजूर करी.

तरीही माझ्या व्यवस्थेचा मला अभिमान होता. संध्याकाळी वसाहतीच्या बागेत माझ्या वयाची मंडळी बसतात. त्यांपैकी कोणी नातवंडे सांभाळतो, कोणी गुडघे. "मी सुनेचे ऑफिस बघतो," असे मी सांगत असे. खोलीबाहेर पडण्याचे एकही कारण मी शिल्लक ठेवले नव्हते.

कंपनीचा प्रश्न आला तो या टप्प्यावर. मुलाला माझे आश्चर्य वाटले. "बाबा, तुम्ही तर म्हणायचात, घरचं काम म्हणजे काम नव्हे. आता तुम्हीच घरूनच्या बाजूने?"

"व्यवस्था नीट असेल तर हरकत नाही," मी म्हणालो. फाटक आता माझ्याच ताब्यात होते, हे त्याच्या लक्षात आले नाही.

ती घरीच राहावी, म्हणून मी व्यवस्था आणखी घट्ट केली. खुर्चीला नवी उशी आणली. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातले. इस्त्रीवाल्याला जिन्यात शीळ घालण्यास बंदी केली. पत्नीनेही आपल्या परीने हातभार लावला. ती आत जाणाऱ्या चहाबरोबर कधी नारळाची वडी, कधी घावन देऊ लागली. "अशी सोय अंधेरीत खय गावतली?" ती मोठ्याने म्हणे, दाराआड ऐकू जावे इतक्या मोठ्याने. सून वडी खाई, ताटली परत देई आणि "बघते" म्हणे.

महिना संपत आला असताना रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली. साऱ्या वसाहतीतले इंटरनेट गेले. सुनेने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, आजचा दिवस अंधेरीला जाऊन बस.

घरात धावपळ उडाली. तिच्या सँडलची जोडी माळ्यावरून खाली आली आणि पट्टा हातात राहिला. न वापरल्याने डिंक वाळला होता. तिने सासूच्या चपला घातल्या. कंपनीचे ओळखपत्र मुलाच्या मोज्यांच्या कप्प्यात सापडले. त्यावरच्या छायाचित्रात ती अधिक तरुण आणि अधिक घाबरलेली होती. डबा कोणत्या पिशवीत नेत असे, हे तिला आठवेना. पत्नी पोळी गुंडाळत तिच्यामागे या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. "जा, पण वायच खाऊन जा. अगो, केस तरी विंचर!" ती एक घास तोंडात आणि एक चप्पल पायात अशी जिन्यावरून उतरली. या सर्व गडबडीत ती गुणगुणत होती. हे मी टिपले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

ती गेली. मी नेहमीप्रमाणे स्टुलावर बसलो. जरा वेळाने कुरियरवाला आला आणि त्याने मोठ्याने घराचा क्रमांक पुकारला. "हळू," मी म्हणालो, "आत सभा चालू आहे."

त्याने माझ्या खांद्यावरून पाहिले. दार सताड उघडे होते आणि खोली रिकामी.

"भुताची सभा आसा ती," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली. "दे रे बाबा, हय दे."

संध्याकाळी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला नाक्यावर गेलो. औषधांच्या दुकानासमोर वसाहतीची बाग आहे आणि बागेला कमरेइतकी भिंत आहे. मेट्रोच्या स्थानकाकडून येणारा रस्ता तेथूनच जातो. त्या भिंतीवर सून बसली होती.

सासूच्या चपला तिने खाली काढून ठेवल्या होत्या आणि पाय वर घेतले होते. मांडीवर शेंगांचा पुडा होता. फोन हातात नव्हता. पिशवीतून त्याचा उजेड एकदा दिसला आणि विझला. ती एक शेंग फोडी, दाणे खाई, टरफल पुड्यात परत टाकी. समोरून रिक्षा जात होत्या, माणसे जात होती, एक मुलगी कुत्र्याला ओढत होती की कुत्रा मुलीला, ते सांगता येत नव्हते. सून त्यांच्याकडे पाहत होती, पाहतही नव्हती. ती काहीच करीत नव्हती. तिला हे करताना मी प्रथमच पाहत होतो.

कारखाना सुटल्यावरही सगळे लगेच घरी जात नसत. फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तेथे बरेच जण उभे राहत. चहा संपलेला असे, बोलणे संपलेले असे, तरी उभे. टाइम ऑफिसच्या खिडकीतून ते मला रोज दिसत. ती वेळ कारखान्याची नव्हती आणि घराचीही नव्हती. ज्याची त्याची होती. तिची हजेरी कोणी घेत नव्हते. आमच्या व्यवस्थेत सुनेला सर्व काही आत पोहोचत होते. ही वेळ तेवढी पोहोचवता येत नव्हती.

घराकडे जाणारा सरळ रस्ता तिच्या समोरून होता. मी इमारतींना वळसा घालून मागच्या फाटकाने गेलो. तो रस्ता चढाचा आहे आणि माझ्या गुडघ्यांना मान्य नाही. तरी मी तिच्या आधी पोहोचलो. दम घेऊनही झाला. त्यानंतर बऱ्याच वेळाने ती आली.

"इतको उशीर कित्याक झालो गो?" पत्नीने दारातच विचारले.

"मेट्रोला गर्दी होती, आई. दोन सोडल्या."

अशी कारणे ऐकण्यात माझी नोकरी गेली. टाइम ऑफिसात असतो, तर हे कारण मी दारातूनच परत पाठवले असते. मी म्हणालो, "संध्याकाळी दोन गाड्या सोडाव्याच लागतात."

पत्नी माझ्याकडे वळली. "तुमका काय म्हाईत? तुम्ही मेट्रोत कधी बसल्यात?"

"ऐकून आहे."

सुनेने माझ्याकडे पाहिले, मग माझ्याजवळच्या औषधांच्या पिशवीकडे. पिशवीवर नाक्यावरच्या दुकानाचे नाव होते. ती हातपाय धुवायला गेली.

उत्तर देण्याच्या शेवटच्या दिवशी मुलाला सुट्टी होती. रात्री आम्ही चौघे एकत्र जेवायला बसलो.

"आज शेवटची तारीख ना गं?" मुलाने विचारले. "पाठवलंस उत्तर?"

"पाठवते."

"पाठवते काय? घरून लिही आणि मोकळी हो. रोज जाऊन-येऊन वाट लागेल तुझी. आणि इथे बाबांनी एवढं झकास बसवून दिलंय."

"तर काय," पत्नी म्हणाली. "उन्हातसून जाऊक नको, धक्के खाऊक नको. घरातल्या घरात."

सून भात कालवत होती. भात केव्हाच कालवून झाला होता. तरी ती कालवत होती. कारण सापडत नसलेला मनुष्य असाच हाताला काही चाळा देतो. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मला दुपारी आतली खोली लागणार आहे," मी म्हणालो.

सगळ्यांचे हात थांबले.

"कशाला?" मुलाने विचारले.

"झोपायला. बाहेर रस्त्याचा आवाज येतो."

पत्नीने घास ताटात परत ठेवला. "तुमका? दुपारी निजता तो आळशी, ह्यां उभो जन्म माका ऐकवल्यात. माझो जरा डोळो लागलो तर भांडी आपटल्यात. आता तुमका नीज व्हयी?"

"वय झाले."

"कधी? आज सकाळी?"

सुनेला हसू फुटले. तिला ठसका लागला; मुलाने पाठीवर थापट्या मारल्या. पाणी पिऊन ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी मेट्रोचंही नव्हतं जमलं."

"मेट्रोचा काय?" पत्नीने विचारले.

"मी एकही मेट्रो सोडली नव्हती, आई. खाली बागेपाशी बसले होते. शेंगा खात." मग ती मुलाकडे वळली. "मला ऑफिसला जायचंय."

"अगं, पण इथे तुला त्रास काय आहे?"

"काही नाही. तेच तर! चहा आत येतो, जेवण आत येतं, कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही. तुम्ही सगळ्यांनी इतकं केलंय, की नको म्हणायला जागाच ठेवली नाही. महिनाभर मी कारण शोधतेय रे. एकही धड सापडत नाही."

कारणांचे खाते माझ्याकडे असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"कारण गैरहजेरीला लागते," मी म्हणालो. "हजर होण्याला लागत नाही."

मुलगा पुन्हा जेवू लागला. पत्नी मात्र लागली नाही. खरा प्रश्न तिचाच होता आणि तो त्या घटकेपर्यंत कोणी विचारला नव्हता.

"आणि माका हय ह्यांच्याबरोबर एकटी सोडून जातलंस?" ती सुनेला म्हणाली.

सून खाली पाहू लागली. मला वाटले, संपले. माझ्याबरोबर दिवसभर एकटे राहणे ही शिक्षा कोणत्या प्रतीची आहे, याची मला कल्पना आहे. ती कोणी कोणाला जाणूनबुजून देणार नाही. पत्नी उठली, आमटीचे भांडे घेऊन आली, सुनेच्या ताटात नको असताना एक पळी वाढली आणि उभ्यानेच बोलू लागली.

"जा तू. घरात असान तरी माका खय गावतंस? पयली दुपारी माझ्याबरोबर जेवी तरी होतंस. ह्यांनी ताट आत न्हेऊक घेतल्यापासून तुझा तोंड माका रात्रीच दिसता. रात्रीच दिसाचा, तर अंधेरीसून येऊन दिसूदे."

ताट आत नेल्याने वेळ वाचतो, असे मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

सुनेने हात धुतले आणि उत्तर लिहिले. पाठवण्यापूर्वी तिने ते तीनदा वाचले. ते एका ओळीचे होते. पाठवून झाल्यावर तिचा चेहरा ओळखपत्रातल्या छायाचित्रासारखा झाला. "गेलं," ती म्हणाली. "आता बदलता येणार नाही."

"वाट लागली," मुलगा म्हणाला. "म्हणजे सकाळी बाथरूमला नंबर लावायचा."

पुढच्या आठवड्यात ती रुजू झाली. तिचे ऑफिस माझ्या कारखान्याच्याच वसाहतीत आहे. नेमके त्याच जागी नाही. तसे योगायोग कथांत घडतात. कारखान्याच्या जागी आता गाड्या ठेवण्याची इमारत आहे. तिचे ऑफिस दोन रस्ते सोडून पुढे, काचेच्या इमारतीत. पहिल्या दिवशी निघण्यापूर्वी तिने मला विचारले, "बाबा, किती लवकर पोचू?"

"वेळेवर पोच. पहिल्या दिवशी लवकर येणाऱ्याने रोज लवकर यावे, अशी अपेक्षा होते. मग वेळेवर आलेलाही उशिरा आल्यासारखा दिसतो."

"आणि उशीर झाला तर?"

"मेट्रोचे सांगू नको. सगळे तेच सांगतात."

ती हसली, नव्या सँडलचा पट्टा लावला आणि उंबऱ्यावर थांबून "येते" म्हणाली. आमच्याकडे निघणारा माणूस "जातो" म्हणत नाही. पण पलंगावरून उठून खुर्चीवर बसताना कोणी "येते" म्हणत नाही, त्यामुळे तो शब्द तिच्या तोंडून बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "ये हां," पत्नी म्हणाली आणि लगबगीने आत गेली. तिला काही तरी उतू जात असल्याचे आठवले होते. शेगडीवर काहीही नव्हते.

आता सून रोज जाते आणि रोज तक्रार करते. ए.सी. गारठवतो. यंत्रातला चहा म्हणजे रंगवलेले पाणी. शेजारचा मनुष्य फोनवर असा ओरडतो, की पलीकडच्या गावाला फोनवाचूनही ऐकू जावे. मुलगा म्हणतो, "बघ, सांगत होतो ना?" मला चिंता वाटत नाही. तक्रार करणारी माणसे टिकतात. नोकरी सोडतो तो तक्रार न करणारा. एक दिवस तो हसतमुखाने येतो आणि राजीनामा पुढे ठेवतो.

दुपारी आतली खोली मोकळी असते. तेथे पत्नी झोपते. मी भांडी आपटत नाही.

सून संध्याकाळी कधी लवकर येते, कधी उशिरा. मी घड्याळाकडे पाहत नाही. निदान तसे दिसू देत नाही. आली की ती पिशवी ठेवून सरळ स्वयंपाकघरात जाते. पत्नी तिची वाट पाहत असते, कारण दिवसभर तिला माझ्याशीच बोलावे लागलेले असते. मग ऑफिसात कोण कोणास काय म्हणाले याचा वृत्तांत सुरू होतो. ज्यांना पत्नीने कधी पाहिले नाही, अशा माणसांविषयी तिची मते आता माझ्याविषयीच्या मतांइतकीच पक्की आहेत. बंगाली साहेब चांगला, पण बायकोला घाबरणारा. ओरडणारा मनुष्य वाईट. गुलाबी पिशवीवाल्या एका मुलीवर दोघींचे विशेष लक्ष आहे.

परवा मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. आतून सुनेचा आवाज आला, "आई, गुलाबी पिशवी आज पुन्हा उशिरा! आणि साहेबांना कारण काय दिलं असेल, सांगा?" पुढचे तिने हळू सांगितले. पत्नी "अगो बाय!" म्हणाली आणि भांड्यावर भांडे आदळले.

"किती उशिरा?" मी बाहेरून विचारले.



"तुमची ड्युटी कधीचीच सुटली," पत्नी म्हणाली, आणि दोघी हसू लागल्या. त्या मुलीने काय कारण सांगितले होते, हे मला अजून कळलेले नाही.